संघात नसलेली मुले

जानेवारी २०१६मध्ये कल्याणच्या एका मैदानावर सोळा वर्षांखालील मुलांचा आंतरशालेय क्रिकेट सामना झाला. भंडारी चषकाचा. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने त्यात नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षाचालक. इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या शाळकरी मुलाने १८९९मध्ये केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षे कुणाला मोडता आला नव्हता, तो त्या दिवशी मागे पडला. १२९ चौकार, ५९ षटकार. संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी हे आकडे ठळक छापले आणि त्या मुलाचे कौतुक झाले ते योग्यच झाले.

सामन्यात दुसराही एक संघ होता. पहिल्या डावात त्यांच्या ३१ धावा झाल्या, दुसऱ्यात ५२. त्या संघातली मुले वयाने लहान आणि खेळाला फारशी न सरावलेली होती, हे नंतरच्या बातम्यांतून कळले. दोन दिवस ती उन्हात चेंडूमागे धावली. त्यांच्यापैकी कितीजण पुढे आपणहून मैदानावर गेले असतील, हे कुठे नोंदलेले नाही. नोंद ठेवण्याची पद्धतही नाही. शालेय खेळांचा हिशेब आपल्याकडे चषकांनी आणि पदकांनी होतो. मैदानावर येऊन नाराज होऊन परतलेल्या मुलांची त्यात जागा नसते.

शाळेतल्या खेळांवर लिहायचे तर सुरुवात या मुलांपासून करायला हवी. साठ मुलांच्या वर्गातून संघासाठी बारा निवडली की अठ्ठेचाळीस उरतात. निवडलेल्या बारांकडे सर लक्ष देतात, त्यांना बूट मिळतात, स्पर्धेसाठी सुट्टी मिळते, नाव फळ्यावर लागते. उरलेल्यांना मिळतो तो आठवड्यातला पी.टी.चा तास, आणि तोही गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला नसेल तर. या अठ्ठेचाळीस मुलांच्या शरीराला शाळेने काय शिकवले, हा शारीरिक शिक्षणाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चषकांच्या कपाटात सापडत नाही.

शारीरिक शिक्षण आणि क्रीडा स्पर्धा या दोन गोष्टी आपल्याकडे एकमेकींत पार मिसळून गेल्या आहेत. पहिला विषय आहे, भाषा-गणितासारखा, प्रत्येक मुलासाठी. दुसरी निवडीची शिडी आहे: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट. ही शिडी उत्तम चालावी असेच कुणालाही वाटेल. तिच्यावर चढणाऱ्यांना दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीने तर ग्रामीण भागातली मुले हेरून घडवण्याचे मोठे काम केले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९मध्ये प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलच्या ‘थ्री पोझिशन्स’ प्रकारात त्याने ऑलिंपिकचे कांस्य मिळवले. पंधरा वर्षांचा हा प्रवास म्हणजे यंत्रणा नीट चालली तर काय घडू शकते याचा पुरावा आहे.

मात्र शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचणेच अनेकांच्या वाट्याला येत नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत किंवा पळत जायचा, कारण दुसरे वाहनच नव्हते. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि तिथे २०१५च्या सुमारास क्रॉस कंट्री पळू लागला. तेव्हा तो विशीत होता. पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन त्याने रौप्य जिंकले, २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. त्याची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण दुष्काळी पट्ट्यातल्या रस्त्यांवर त्याच्यासारखी आणखी किती मुले पळत शाळेला गेली, आणि सैन्यभरतीपर्यंत न पोचल्याने किती निसटली, हा विचार ही गोष्ट ऐकताना मनातून जात नाही.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या बाबतीतही असेच आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते एका शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने पदरमोड केली म्हणून. खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांमधून खाशाबांवर भाषणे होतात. खर्डेकरांचे नावही त्यांच्या जोडीने घेतले गेले पाहिजे.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या रुजवली आणि त्यांच्या शिष्यांनी ती गावोगाव नेली. अमरावतीला १९१४मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले. तिथल्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. त्याच वर्षी बडोद्याच्या माणिकरावांकडे शिकलेल्या आणि अमळनेरला शिक्षक म्हणून काम केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले. आणि बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, देशी-विदेशी खेळ, शरीरशास्त्र, सगळे त्यात आहे. एवढा पसारा एका माणसाने हिमतीवर उभा करावा आणि आजच्या क्रीडाशिक्षकाने त्याचे नावही ऐकलेले नसावे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

या परंपरेचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. आखाड्यात किंवा व्यायामशाळेत येणारा मुलगा हौसेने येई. ज्याला यायचे नाही तो येत नसे आणि वस्ताद त्याला शोधायला जात नसे. शाळेचे तसे नाही. तिथे काटकुळा, लठ्ठ, दम्याचा, चष्म्याचा, चेंडूला घाबरणारा, घरून उपाशी आलेला असा प्रत्येक जण तासाला हजर असतो. मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. वस्तादापेक्षा वेगळ्या तयारीचा माणूस शाळेला लागतो, हे तेव्हाच ओळखले गेले होते. ज्याला येत नाही त्याला शिकवणारा माणूस.

असा शिक्षक काय करतो, हे आपल्या मातीतल्या दोन खेळांवरून चांगले कळते.

खो-खोचे नियम १९१४च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, आखणीला फक्की. एवढ्यावर खेळ उभा राहतो. चेंडू, बॅट, जाळी काही लागत नाही. आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, नववा पळतीच्या मागे धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळती मात्र कुठूनही निसटतो. मग पाठलाग करणाऱ्याने करायचे काय? बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. सर्वांत वेगवान मुलगाही या खेळात एकटा गडी टिपू शकत नाही. वेळेवर खो देणारा आणि खो मिळताच उसळून उठणारा, दोघे लागतात. बसलेल्या मुलालाही क्षणभर बेसावध राहता येत नाही. साठ मुलांच्या वर्गात दोन मैदाने आखली तर प्रत्येक मूल पाच-दहा मिनिटांत एकदा तरी उठून धावते. शाळेसाठी यापेक्षा चांगला खेळ कुणी मुद्दाम बसून रचला असता तरी साधला नसता.

धाराशिवची सारिका काळे याच मातीत घडली. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती, २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ अंतिम फेरीत नेपाळला हरवून जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबरही शाळेत आधी खो-खो खेळत होती. २०१६ला रिओमध्ये ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. पाटीवरून उसळी मारून उठायची सवय तिला अडथळ्यांवर उपयोगी पडली असेल का, हे सांगणे कठीण आहे. पण मैदानाची गोडी तिला खो-खोनेच लावली.

कबड्डीत शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा एक नियम आहे. बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण त्याच्या संघाने समोरचा गडी टिपला की तो जिवंत होऊन परत आत येतो. हा नियम किती शहाणपणाचा आहे हे शाळांमधले बाकीचे खेळ पाहिल्यावर पटते. लहान वर्गांत खेळले जाणारे बरेच खेळ बाद करण्याचे असतात. जो आधी चुकतो तो आधी बाहेर बसतो आणि तास संपेपर्यंत बसूनच राहतो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या वाट्याला सर्वांत कमी खेळ येतो. एक फुटबॉल आणि साठ मुले, हाही तसलाच प्रकार. चार धीट मुले तो चेंडू अडवतात, बाकीची घोळक्याने मागे पळतात किंवा कडेला गप्पा मारतात. सहा-सहाचे गट, प्रत्येकाला एक चेंडू, चेंडू नसेल तर चिंध्यांचा गोळा, आणि बाद झालेल्याला परत येण्याची वाट. तास एवढ्याने बदलतो.

या तासाचा शरीराला फायदा होतो हे सांगायला संशोधकांची गरज नाही, पण किती आणि कसा हे त्यांनी मोजले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडे-स्नायू बळकट करणारे प्रकार हवेत. हाडांचा भक्कमपणा मुख्यतः वाढीच्या वयात साठतो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुले या साठ मिनिटांपर्यंत पोचत नसल्याचे दिसले.

डोळ्यांचा पुरावा अनेक पालकांना ठाऊक नसतो. चीनच्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचे अंधूक दिसू लागले होते. मैदानावर गेलेल्या शाळांत हे प्रमाण ३०.४ टक्के होते. दिवसाच्या उघड्या उजेडाने हा फरक पडला, असे संशोधकांचे मत आहे. तैवानने तर २०१०पासून मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा देशव्यापी कार्यक्रम राबवला. मुलाला चष्मा लागू नये म्हणून मोबाइल हिसकावून घेणाऱ्या आई-वडिलांनी शाळेतला मैदानाचा तास वाढवण्याचा आग्रह धरला, तर त्यांचा हेतू अधिक साधेल.

कायद्याच्या कागदावर मैदान आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांना, पट शंभरच्या वर असेल तर, शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. मैदान किती मोठे असावे, हे मात्र त्या परिशिष्टात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत काढून टाकायचे ठरवले आणि २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक शिक्षणाला स्वतंत्र क्षेत्राचा दर्जा मिळाला. प्रत्यक्षात काय दिसते? शिक्षणाच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०१८च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात दहांपैकी आठ शाळांना आवारात किंवा जवळपास मैदान होते. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असलेल्या प्राथमिक शाळा मात्र ५.८ टक्के, उच्च प्राथमिक ३०.८ टक्के. जागा आहे, तिथे उभा राहणारा माणूस नाही.

जिथे माणूस आहे तिथेही त्याचा दिवस मैदानावर जातोच असे नाही. पी.टी.चे सर म्हणजे शाळेचे शिस्तीचे खाते. प्रार्थनेच्या रांगा, १५ ऑगस्टचे संचलन, गॅदरिंगचा मांडव, सहलीची बस, स्पर्धांचे ऑनलाइन अर्ज, वर्गावर न आलेल्या शिक्षकाचा ऑफ तास, निवडणुकीचे काम, सगळे त्यांच्याकडे. त्यात एक गोष्ट फार जुनी आणि फार वाईट आहे: व्यायाम हीच शिक्षा करणे. गृहपाठ केला नाही, मैदानाला पाच चकरा. बडबड केली, वीस उठाबशा. धावणे म्हणजे अपमान, हे समीकरण नवव्या-दहाव्या वर्षी मुलाच्या मनात पक्के बसले की पुढे कुठल्याही व्याख्यानाने ते पुसले जात नाही. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी घातली आहे. चकरा आणि उठाबशा त्या बंदीत मोडतात, हे शाळांनी मनापासून मान्य केले तर शारीरिक शिक्षणावर मोठे उपकार होतील.

मुलींचा प्रश्न आठवीच्या आसपास सुरू होतो. सातवीपर्यंत लंगडीत आणि खो-खोत पुढे असलेली मुलगी एकाएकी कडेला बसू लागते. कधी पाळीमुळे, कधी गणवेशामुळे, कधी घरून सांगितलेले असते, कधी मैदानाभोवती उभ्या राहणाऱ्या टोळक्यामुळे. वर उल्लेखिलेल्या जागतिक पाहणीत साठ मिनिटांपर्यंत न पोचणारे मुलगे ७८ टक्के होते, मुली ८५ टक्के. यातली बरीच कारणे शाळेच्या हातातली आहेत. दाराला कडी आणि आत पाणी असलेले स्वच्छतागृह, कपडे बदलायला खोली, खेळाच्या दिवशी ट्रॅक पँट घालून येण्याची मुभा आणि सोबत एक शिक्षिका. नाशिकच्या हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्य घेऊन आली, तेव्हा आसपासच्या पाड्यांवरच्या मुलींना कुणीतरी आपल्यातले धावताना दिसले. पण असे उदाहरण उजेडात येण्याआधी मुलीला धावू देणारे घर आणि शाळा लागते.

आणि पायरीवर बसलेले मूल. पायात दोष असलेल्या, कमी दिसणाऱ्या मुलाला तासातून सूट दिली जाते. हेतू दयेचा असतो, पण सूट मिळालेले ते मूल दहा वर्षे इतरांचे दप्तर सांभाळत बसते. युद्धात जखमी झालेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२च्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. पेटकर होणे सर्वांना जमणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. बसून चेंडू फेकणे, आवाजाच्या दिशेने चालणे, पकडापकडीत जोडीदाराचा हात धरून पळणे, एवढे तर कुठल्याही शाळेत होऊ शकते.

या सगळ्याचा निर्णय कुठल्या मंत्रालयाइतकाच मुख्याध्यापकांच्या टेबलावर होतो. जूनमध्ये वेळापत्रक आखताना गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक सकाळचे तास मागून घेतात. उरतात जेवणाच्या सुट्टीनंतरचे, भरल्या पोटी धावायचे तास, किंवा दुपारचे शेवटचे, ज्या वेळी मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात मैदानावर पाय ठेवता येत नाही. चाचणी परीक्षा जवळ आली की तेही जातात. आठवड्यातले किती तास कागदावर आहेत, किती झाले, त्यात प्रत्येक मूल किती मिनिटे हलले, याची साधी वही एखाद्या शाळेने वर्षभर ठेवली तर तिला स्वतःविषयी पुष्कळ कळेल. पुढची पाने या वहीपासून सुरू होतात: आधी पहिली ते पाचवीचा तास, मग मुलींचे मैदान, मग दोनशिक्षकी शाळा, आणि सर्वांत शेवटी स्पर्धा.